‘एडिट, ब्लँक’ : बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या टेबलावरचं प्रकरण

बेळगावच्या दक्षिण भागातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभाग सांभाळणाऱ्या ज्येष्ठ कारकुनांची नजर काचबिंदूनं गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग पडद्यावरचे बारीक आकडे गेले, आणि गेल्या काही वर्षांत उजेड-अंधार एवढंच उरलं. संस्थेत लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. इथंही मी तेवढंच म्हणतो. त्यांचं नाव आणि संस्थेचं नाव लिहीत नाही.

त्या संस्थेचं खात्यांचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं आहे. २००५ च्या सुमारास डेल्फी ७ या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात सुरुवात केली आणि तेव्हापासून किर्द, खतावणी, मुदत ठेव, पिग्मी (एजंटांमार्फत रोज थोडी थोडी जमा होणारी ठेव), कर्ज अशी एकेक बाजू जोडत गेलो. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या छोट्या पतसंस्थांमध्ये अशी घरगुती सॉफ्टवेअरं भरपूर चालतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. अण्णांच्या टेबलावर जे अडलं, ते उद्या दुसऱ्या कुणाच्याही टेबलावर अडणार आहे.

संचालक मंडळाची भावना चांगलीच होती. पगार तोच ठेवू, अण्णांना फोन घ्यायला आणि पिग्मी एजंटांची विचारपूस करायला बसवू, असं ठरत आलं होतं. अण्णांना ते नको होतं. ते मला म्हणाले, “बसून पगार घ्यायची सवय नाही मला. लोकं माझ्याकडं हप्त्याचं विचारायला येतात, मी काय फोन देऊ त्यांना? माझं टेबल तेवढं परत द्या.” २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते सरकारी आस्थापनांना लागू. आमची संस्था सभासदांची. त्यामुळे सगळं संचालकांच्या मनावर आणि माझ्या कामावर येऊन थांबलं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. अण्णा संगणक वापरू शकत होते. त्यांच्या मुलीनं घरच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकावर काय आहे ते बोलून सांगणारा प्रोग्रॅम, घालून दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि तो आजही फुकट मिळतो. त्याआधी हे क्षेत्र बरंचसं जॉजसारख्या विकत घ्यायच्या स्क्रीन रीडरांचं होतं, आणि एका कारकुनासाठी एवढा खर्च करणं छोट्या पतसंस्थेच्या आवाक्याबाहेरचं होतं. अण्णा सहा-सात महिन्यांत वर्डमध्ये पत्र लिहायला, एक्सेलमध्ये बेरजा करायला आणि मराठी बातम्या ऐकायला शिकले. म्हणजे वर्ड चालत होतं, एक्सेल चालत होतं. चालत नव्हतं ते मी लिहिलेलं सॉफ्टवेअर.

पहिली बैठक

मी एका शनिवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर त्यांच्या शेजारी बसलो. डेटाची प्रत वेगळ्या फोल्डरात घेतली होती. मॉनिटर बंद केला, स्पीकर चालू केला आणि म्हटलं, “अण्णा, हप्ता जमा करा.”

त्यांनी कर्ज जमा पावतीचा फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यात कर्सर गेला. आवाज आला, “एडिट, ब्लँक.” म्हणजे लिहायचा रकाना, रिकामा. टॅब दाबला. “एडिट, ब्लँक.” पुन्हा टॅब. “एडिट, ब्लँक.” त्या एका फॉर्मवर लिहायचे अकरा रकाने होते आणि अकराही वेळा तेच दोन शब्द. कुठल्या रकान्यात खाते क्रमांक घालायचा, कुठल्यात मुद्दल, कुठल्यात व्याज, कुठल्यात दंडव्याज, काही पत्ता नाही. अण्णांनी बोटांवर मोजून पाचवा रकाना गाठला. “मुद्दल असंल हे,” म्हणाले. ते बरोबर होतं, कारण नजर होती तेव्हा त्यांनी हाच फॉर्म हजारो वेळा भरला होता. पण मी मधल्या काळात पॅन क्रमांकाचा एक रकाना वाढवला असता, तर त्यांची मोजणी एकानं चुकली असती आणि व्याजाच्या जागी मुद्दल गेलं असतं.

जतन करायला पडद्यावर फ्लॉपीचं चित्र असलेलं बटण होतं. टॅबनं तिथं जाताच येत नव्हतं. माउसनं मीच ते दाबलं. फॉर्मच्या तळाशी हिरव्या अक्षरांत ‘नोंद जतन झाली’ असं आलं असणार. आम्हा दोघांनाही ते कळलं नाही, कारण मॉनिटर बंद होता आणि स्पीकर गप्प होता.

खतावणी उघडली. तिथं एकच शब्द ऐकू आला, “पेन.” बाणाच्या कळा वरखाली केल्या तरी काहीच नाही. अण्णा थोडा वेळ थांबून म्हणाले, “पेन पेन म्हणालंय खरं, लिहायचं कुठं ते सांगेना झालंय.”

त्या शनिवारपर्यंत माझी समजूत अशी होती की स्क्रीन रीडर पडद्यावर जे दिसतं ते वाचतो, कॅमेऱ्यासारखा. तसं नसतं. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघतच नाही. तो विंडोजच्या मार्फत चालू प्रोग्रॅमला विचारतो: आत्ता फोकस कुठं आहे, त्या वस्तूचं नाव काय, ती बटण आहे की रकाना, तिच्यात काय लिहिलंय? हे प्रश्न विचारायची सोय मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी या नावानं दिली आणि पुढं व्हिस्टाच्या काळात यूआय ऑटोमेशन आलं. प्रोग्रॅमकडं उत्तर असेल तर स्क्रीन रीडर बोलतो. उत्तर नसेल तर पडद्यावर कितीही ठळक अक्षरांत ‘मुद्दल’ लिहिलेलं असो, त्याच्या लेखी ते नाहीच. ‘पेन’ म्हणजे विंडोजच्या भाषेत चौकटीचा एक तुकडा. माझ्या खतावणीविषयी विंडोजला तेवढंच सांगता आलं होतं.

रकान्यांची नावं, आणि माझी मोठी चूक

डेल्फीत रकान्याच्या डावीकडं जो मजकूर लिहितो तो टी-लेबल. हे लेबल म्हणजे विंडोजच्या हिशेबातली ‘खिडकी’, म्हणजे स्वतंत्र ओळख असलेली वस्तू, नव्हे. फॉर्म आपल्या अंगावरच ती अक्षरं रंगवतो. लेबलाला विंडोजचा हँडल, म्हणजे ओळख क्रमांक, नसतो, त्यामुळे ते आहे हे बाहेरच्या कुणालाच कळत नाही. चित्रवालं टी-स्पीडबटण त्याच जातीचं. तेही रंगवलेलं, म्हणून त्याच्यावर फोकस जाऊ शकत नाही. बटणांचा इलाज सोपा होता. सगळी स्पीडबटणं काढून साधी बटणं घातली, त्यांना मराठी शीर्षक आणि आल्टची कळ दिली. एका दिवसाचं काम.

लेबलांचा इलाजही सोपा वाटला. टी-स्टॅटिक-टेक्स्ट नावाचं दुसरं लेबल मिळतं, त्याला स्वतःची खिडकी असते. रकान्याला स्वतःचं नाव नसेल तर विंडोज त्याच्या लगेच आधीच्या खिडकीतला मजकूर त्याचं नाव म्हणून देतं. मी दोन रात्री बसून सगळ्या फॉर्मांवरची लेबलं बदलली. रकाने बोलायला लागले. मी खूश होऊन अण्णांना बोलावलं.

अण्णांनी पावती भरायला घेतली. आवाज म्हणाला, “खाते क्रमांक.” त्यांनी क्रमांक घातला. “मुद्दल.” ४००० घातले. “व्याज.” ६५० घातले. जतन केलं. मी मॉनिटर लावून बघितलं तर व्याजाच्या रकान्यात ४००० आणि मुद्दलाच्या रकान्यात ६५०.

डेल्फीत टॅबचा क्रम वेगळा ठेवला जातो आणि खिडक्यांचा एकावर एक असा क्रम वेगळा. वर्षानुवर्षं मी फॉर्मवर रकाने हलवत होतो आणि टॅबचा क्रम तेवढा नीट लावत होतो. खिडक्यांचा क्रम ज्या क्रमानं ते रकाने कधीकाळी जन्मले त्याच क्रमात राहिला होता. विंडोज ‘आधीची खिडकी’ शोधतं ती या दुसऱ्या क्रमात. म्हणून मुद्दलाचं नाव व्याजाला चिकटलं आणि व्याजाचं मुद्दलाला.

चाचणीचा डेटा होता म्हणून निभावलं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला फार वाईट वाटलं. ‘एडिट, ब्लँक’ म्हणणारा रकाना निदान सांगत होता की मला काही माहीत नाही. हा रकाना आत्मविश्वासानं खोटं सांगत होता, आणि अण्णांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. नजर असलेला माणूस रकान्याचं नाव आणि जागा दोन्ही ताडून बघतो. त्यांच्याकडं फक्त नाव होतं.

मग शेजारच्या खिडकीवर अवलंबून राहणं सोडलं. ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटीतच थेट नाव चिकटवायची सोय आहे: अमुक हँडलच्या रकान्याचं नाव अमुक, असं प्रोग्रॅमनं स्वतः विंडोजला सांगून टाकायचं. मी रकान्याचा माझा स्वतःचा वर्ग (क्लास), म्हणजे नवा प्रकार, बनवला आणि त्याला ‘बोलायचं नाव’ असा एक गुणधर्म दिला. प्रत्येक फॉर्म उघडून, प्रत्येक रकान्याला हातानं नाव दिलं. एक अडचण इथंही आली. डेल्फी काही प्रसंगी, उदाहरणार्थ रकान्याची किनार बदलली की, आतली खिडकी मोडून नवी बांधतं. हँडल बदलतो आणि चिकटवलेलं नाव जुन्या खिडकीबरोबर जातं. त्यामुळे फॉर्म उघडताना एकदा नाव देऊन भागत नाही. खिडकी जेव्हा जेव्हा तयार होईल तेव्हा तेव्हा, त्याच ठिकाणी, नाव द्यावं लागतं. कुणी डेल्फीत हे करणार असेल तर एवढं ध्यानात ठेवावं. माझे यात चार दिवस गेले.

सभासदांची नावं

रकाने नीट बोलायला लागले आणि त्यांच्या आतला मजकूर ऐकू यायला लागला. तेव्हा खरा डोंगर दिसला.

डेल्फी ७ मधल्या रकान्यांना युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कळत नव्हती. त्या वेळी मराठी दाखवायचं तर शिवाजीसारखे फॉन्ट वापरत असू. अशा फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणकाच्या पोटात एम, ए, आर, ए, झेड आणि मोठा आय ही सहा इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट त्यांना मराठी वळणाचा मुखवटा घालतो, एवढंच. डोळ्याला ‘मराठी’ दिसतं. स्क्रीन रीडर मुखवट्यामागची अक्षरं वाचतो आणि म्हणतो ‘मराझी’. आमच्या डेटात सगळ्या सभासदांची नावं, गावं, जामीनदार, तारण, शेरे, सगळं याच जातीच्या फॉन्टात. अण्णांनी एक खातं उघडलं तर कानात नुसती खरखर. वीस वर्षं ओळखीचा माणूस समोर बसलेला, आणि त्याचं नाव ओळखू येईना.

युनिकोडला पर्याय नव्हता. डेल्फी २००९ पासून मजकूर मुळातच युनिकोड असतो, म्हणून आधी सगळं सॉफ्टवेअर नव्या डेल्फीत आणलं. मग डेटा बदलायचा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर ठेवणं सोपं. अवघड आहे तो क्रम. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, कारण ती डावीकडं दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘निपाणी’तली वेलांटी न च्या पलीकडं न्यावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडं. रफाराचं उलटं: तो जुन्या फॉन्टात शेवटी टंकतात, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी यायला हवा. ‘मार्कंडेय’मधल्या रफारानं मला एक अख्खी दुपार घालवायला लावली, कारण त्याच अक्षरावर अनुस्वारही बसलेला.

बदललेली यादी तपासायची कुणी, हा प्रश्न मॅनेजर साहेबांनी काढला. दोन मुलांना बसवू म्हणाले. अण्णा म्हणाले, “मी ऐकतो की.” आणि त्यांनी ऐकली. रोज दुपारी तीनशे-चारशे नावं, एका कानात हेडफोन, बोट खालच्या बाणावर. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. “हे ‘कुलीर’ म्हणालंय. असलं गाव नाही आपल्यात.” बघितलं तर निपाणीजवळचं कुर्ली. दीर्घ वेलांटी असली की माझा प्रोग्रॅम रफार उचलून मागं न्यायला विसरत होता. मी ती यादी डोळ्यांनी दोनदा चाळली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. सभासद अण्णांच्या ओळखीचे, गावं पायाखालची. चुकीचं नाव त्यांच्या कानाला लगेच टोचत होतं. डेटा बदलण्याच्या त्या महिन्यात संस्थेत त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नव्हता. पुढं संचालकांचा विरोध मावळला त्याचं मुख्य कारण हेच, असं मला वाटतं.

कन्नडचं वेगळं. निबंधक कार्यालयाची पत्रं, पिकाच्या नोंदी, काही सभासदांची कागदपत्रं कन्नडमध्ये असतात. सीमाभागात एका टेबलावर तीन लिप्या असणं ही रोजचीच गोष्ट आहे, आणि अण्णांना तिन्ही भाषा येतात. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो, कन्नडही बोलतो. एनव्हीडीएमध्ये कन्नड आवाजाची वेगळी प्रोफाइल करून तिला एक कळ जोडून दिली. कन्नड पत्र आलं की ती कळ दाबायची. स्कॅन करून चित्र म्हणून पाठवलेली पत्रं मात्र यानंही वाचता येत नाहीत. ती शेजारचा कारकून वाचून दाखवतो, आजही.

आकडे

पैशाच्या कामात आकडा कसा ऐकू येतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. सुरुवातीला अण्णा इंग्रजी आवाज वापरत होते. सव्वा लाखाची शिल्लक तो ‘वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड’ अशी सांगायचा. समोरचा माणूस कन्नडमध्ये ‘अरवत्तु’ म्हणणार, अण्णांच्या मनात साठ, कानात ‘सिक्स्टी’. एका आकड्याची तीन भाषांतरं, आणि तीही रांग लागलेली असताना.

मजकूर युनिकोड झाल्यावर त्यांनी मराठी आवाज घेतला. ईस्पीकचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पण वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो, म्हणून सरावलेले लोक त्यालाच पसंती देतात. तरीही वेगात एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फसगत होऊ लागली. शेवटचा अर्धा शब्द निसटला की दहा हजारांचा फरक. पलीकडं महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भाषेच्या सौंदर्याविषयी कुणाचं काय मत असेल ते असो. त्या टेबलावर बसून ऐकलं की सुट्या आकड्याची किंमत कळते.

मग जतन करण्याआधी एक खात्रीची चौकट घातली. विंडोजची साधी, मूळची संदेश-चौकट. ती उघडली की स्क्रीन रीडर आपोआप पूर्ण वाचतो. तिच्यात आधी रक्कम अक्षरी, मग तीच सुट्या आकड्यांत: “जमा. एकोणसाठ हजार. पाच, नऊ, शून्य, शून्य, शून्य.” एंटर दाबला तर जतन, एस्केप दाबला तर मागं. बाकीच्या कारकुनांनी पहिल्या आठवड्यात कुरकूर केली की एक एंटर वाढला. महिन्याभरात कॅशिअर अक्का म्हणाल्या, ही चौकट सगळ्यांनाच राहू दे, शून्य जास्त पडलेलं इथं दिसतं.

खतावणी आणि एक मोह

खतावणीची जाळी डेल्फी स्वतः रंगवतं. सगळी मिळून एकच खिडकी, आतले कप्पे म्हणजे नुसत्या रेघा. तिला बोलती करायचे तीन रस्ते होते. पहिला, विंडोजच्या प्रश्नांना कप्प्याकप्प्यानं उत्तर देणारा सगळा कोड स्वतः लिहायचा; ते योग्य, पण माझ्या एकट्याच्या ताकदीबाहेरचं. दुसरा, जाळी काढून विंडोजची मूळ यादी वापरायची, जी स्क्रीन रीडरला आधीपासून समजते. तिसरा मला फार आवडला होता. एनव्हीडीए एक छोटी लायब्ररी देतं, तिच्यातून प्रोग्रॅम थेट म्हणू शकतो, ‘हे वाक्य बोल’. दोन तासांत जाळीतली प्रत्येक ओळ बोलायला लागली.

अण्णांनी दोन दिवस वापरून ते नको सांगितलं. त्यांनी कळ दाबली की स्क्रीन रीडरचं बोलणं आणि माझं बोलणं एकमेकांना तोडायचं. मी ठरवलेलंच वाक्य, मी ठरवलेल्या क्रमानं. मागं जाऊन एकच रकाना पुन्हा ऐकायचा म्हटलं तर सोय नाही. उद्या दुसऱ्या शाखेत कुणी जॉज वापरणारा आला तर त्याला यातलं काहीच ऐकू येणार नाही. माणसाच्या हातातलं वाचन मी माझ्या हातात घेतलं होतं, हे ते सांगत होते. त्यांचं म्हणणं पटलं. ती लायब्ररी आता एकाच ठिकाणी उरली आहे: जतन झाल्यावर फोकस न हलवता “नोंद झाली, पावती अमुक” एवढं सांगायला.

खतावणीला मूळ यादी दिली. बाणानं ओळीवर गेलं की स्तंभाच्या नावासकट ओळ ऐकू येते. कंट्रोल-आल्टसह डावा-उजवा बाण दाबला की एकेक रकाना. स्तंभांचा क्रम अण्णांनी ठरवला: तारीख, रक्कम, शिल्लक, मग तपशील. मी वीस वर्षं पावती क्रमांक पहिला ठेवत आलो होतो. “त्याचं काय करू? माणूस विचारतो बाकी किती. ते आधी सांगू दे.”

थकीत खाती लाल रंगात दाखवत होतो. रंग बोलत नाही. ‘थकीत’ असा शब्दच एका स्तंभात घातला, किती हप्ते तेही. हे इतकं साधं होतं की त्याच्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. एंटरनं पुढच्या रकान्यात जायची आपल्याकडच्या कारकुनांची फॉक्सप्रो या जुन्या साधनात लिहिलेल्या सॉफ्टवेअरांच्या काळापासूनची सवय मात्र मोडली नाही. फक्त बटणावर असताना एंटर म्हणजे बटण दाबणं, एवढं नक्की केलं.

काय झालं, काय राहिलं

अण्णा आता कर्जाच्या टेबलावर आहेत. हप्ता जमा, खात्याची चौकशी, थकबाकीच्या याद्या, नोटिसांची पत्रं, किर्दीशी मेळ, हे सगळं ते स्वतः करतात. एका कानाला हेडफोन, दुसरा कान माणसाला. स्पीकर लावत नाहीत, कारण एकाची बाकी दुसऱ्यानं ऐकू नये. पहिल्या आठवड्यात एका पावतीला दहाएक मिनिटं लागत होती. आता त्यांच्या टेबलापुढं रांग साठत नाही.

सह्या पडताळणं त्यांना जमत नाही, सॉफ्टवेअरनं ते जमवता येणारही नाही. सहीचा नमुना शेजारचा कारकून बघतो. रोख पूर्वीपासून कॅशिअर अक्कांकडंच आहे. पासबुक छापताना पान सरळ बसलंय का हे ते बोटानं चाचपतात, कधीकधी ओळ वर-खाली होते. पिग्मी एजंटांच्या हातातल्या मशिनचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं आहे, त्याला मी हात लावू शकत नाही.

माझ्याकडून वेळेचा हिशेब विचाराल तर निम्म्याहून जास्त वेळ युनिकोडनं खाल्ला, आणि ते काम अण्णा नसते तरी कधीतरी करावंच लागलं असतं. रकान्यांची नावं, बटणं, रंग, संदेश यांना मिळून तीन-चार आठवडे. सॉफ्टवेअर लिहितानाच ही नावं दिली असती तर रकान्यामागं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. संगणकीय साधनांच्या सुलभतेसाठी आपल्याकडं आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे, त्याचा पहिला भाग २०२१ मध्ये आला. मी ते नंतर वाचलं. तपासायला ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स हे मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन वापरतो. ते बिननावाचे रकाने लगेच दाखवतं. नावं अदलाबदल झालेले रकाने मात्र त्याला कळत नाहीत. त्यासाठी मॉनिटर बंद करून अख्खी पावती भरून बघावी लागते, आणि तसं मी आता प्रत्येक बदलानंतर करतो.

गेल्या ३१ मार्चला रात्री नऊच्या पुढं अण्णांचा फोन आला. तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळली होती; कर्जाच्या बाजूची सगळी खाती त्यांनी स्वतः मिळवली होती. ते सांगून झाल्यावर म्हणाले, “आणि ते व्याज तरतुदीच्या फॉर्मवर तिसरा रकाना ‘एडिट, ब्लँक’ म्हणालंय. तेवढं बघा की.”

तो फॉर्म मी फेब्रुवारीत घाईनं केला होता आणि त्यावर जुना, साधा रकाना टाकला होता. सकाळी नाव दिलं. त्याच दिवशी प्रोग्रॅम बांधतानाची एक तपासणीही लिहिली: कुठल्याही फॉर्मवर बिननावाचा रकाना सापडला तर बांधणी तिथंच थांबते. पहिल्याच फेरीत ती आणखी सात ठिकाणी थांबली. ते सगळे फॉर्म ठेव विभागाचे होते, अण्णांनी कधी न उघडलेले.